प्रतिसाद: बारा वंशांची यादी प्रत्येक ठिकाणी वेगळी का?

बायबलमध्ये इस्राएलच्या बारा वंशांच्या याद्या ठिकठिकाणी वेगळ्या आहेत, आणि त्या जुळत नाहीत म्हणजे लिहिणाऱ्यांची चूक, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. हे वंश ज्याच्यापासून आले त्या याकोबाचे मुलगे बारा, पण बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात (४८:५) तो योसेफाच्या एफ्राइम आणि मनश्शे या दोन्ही मुलांना आपलेच मानतो. म्हणजे योसेफाऐवजी हे दोघे धरले की नावं तेरा होतात. सैन्याची किंवा जमिनीची यादी असेल तिथे लेवीचा वंश वगळला जातो, कारण त्याच्याकडे देवसेवा आहे आणि त्याला स्वतंत्र प्रांत नाही. हिशेब पुन्हा बारा.

खरा पेच ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ३३ व्या अध्यायाचा. तिथे मोशे वंशांना देतो त्या आशीर्वादात लेवी आहे, शिमोन मात्र नाही. ज्यू भाष्यकार रामबान (१३ वं शतक) सांगतात, शास्त्र बारापेक्षा जास्त वंश मोजत नाही. लेवीला आणि योसेफाच्या दोन्ही शाखांना जागा द्यायची तर एक गळणारच. शिमोनच का? तो वंश लहान झाला होता: ‘गणना’ या पुस्तकाच्या अध्याय १ मध्ये त्याचे ५९,३०० पुरुष, अध्याय २६ मध्ये फक्त २२,२००. शिवाय शिमोन आणि लेवी यांच्याबद्दल ‘त्यांना विखरून टाकीन’ हे याकोबाचे शब्द होतेच. ‘यहोशवा’ या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात शिमोनाला यहूदाच्या हद्दीतच वाटा मिळतो. म्हणूनच राशी हे दुसरे ज्यू भाष्यकार यहूदाच्या आशीर्वादात शिमोनाचा इशारा वाचतात. मला हे वाचन फार सुंदर वाटतं.