शब्दचर्चा: दुआ, दुवा आणि ‘सद्र’

ठाण्याच्या आमच्या कचेरीत माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण मुंब्र्याची, कोकणी मुसलमान. मीटिंगला आत जाण्याआधी ती ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणते. गेल्या आठवड्यात साहेबांनी सगळ्यांदेखत तिला “हे तुला झेपेल का?” असं विचारलं. तेव्हाही ती आधी तेच पुटपुटली, मग उत्तर दिलं. नंतर म्हणाली, “दुआ आहे, मन शांत राहावं म्हणून.” आपल्याकडे दुवा म्हणजे आशीर्वाद, तो दुसऱ्याने द्यायचा. मग स्वतःसाठी स्वतःच दुवा कसा? आणि मराठीत याला ‘मनःशांतीची प्रार्थना’ म्हणावं का?

—

ताई, मी मुंब्र्याला लागून असलेल्या कौशाची, म्हणून उत्तर देते. शब्द एकच आहे. अरबीत दुआ म्हणजे हाक. ‘दावा’ आणि ‘दावत’ हेही त्याच धातूचे: हक्कासाठी घातलेली हाक, जेवायला घातलेली हाक. मराठीत येता येता तो देणाऱ्याच्या तोंडी गेला, म्हणून ‘गरिबाचा दुवा घे’. आमच्या घरात दोन्ही चालतं. आजी नातवंडांना दुवा देते आणि नमाजनंतर हात पसरून दुआ मागते. नमाज पढायची, दुआ मागायची. ही क्रियापदं सहसा बदलत नाहीत. नमाजच्या वेळा पाच. दुआला वेळेचं बंधन नाही, कळव्याच्या पुढे लोकलच्या दारात उभं राहूनही मागता येते, आणि मराठीतही.

तुमची मैत्रीण म्हणते ती बहुधा मूसा अलैहिस्सलामची (म्हणजे बायबलमधले मोझेस, त्यांच्यावर शांती असो) दुआ असावी. कुरआनच्या 20 व्या सूरतीत (सूरत म्हणजे अध्याय), ‘ताहा’मध्ये, 25 ते 28 या आयतींत, म्हणजे ओळींत, आहे: रब्बिश्रह् ली सद्री, व यस्सिर ली अम्री, वह्लुल् उक्दतम् मिल्लिसानी, यफ्कहू कौली. हे माझ्या रब, माझी छाती मोकळी कर, माझं काम सोपं कर, माझ्या जिभेची गाठ सोड, म्हणजे माझं बोलणं त्यांना कळेल. फिरऔनपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, जाण्याचा हुकूम झाला तेव्हा मागितलेली. हाच फिरऔन 43 व्या सूरतीत आपल्या लोकांना विचारतो, या ‘महीन’ माणसापेक्षा मीच बरा नाही का, याला तर धड बोलताही येत नाही! महीन म्हणजे हलका, किंमत नसलेला. कमी लेखणं म्हणतात ते हेच.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ‘मनःशांती’ मला पटत नाही. मूसा शांती मागतच नाहीत, छाती मोकळी व्हावी असं मागतात. सद्र म्हणजे छाती, शरह म्हणजे उघडणं. पैगंबरांना उद्देशूनही 15 व्या सूरतीत (आयत 97) म्हटलंय की हे लोक जे बोलतात त्याने तुझी छाती आवळते, हे आम्ही जाणतो. किती खरं आहे! चारचौघांत कुणी पाणउतारा केला की मन बिघडायच्या आधी छातीच दडपते, श्वास वरच्या वर राहतो. मराठीत ऊर दडपणं आहे, जीव घुसमटणं आहे. मग ‘ऊर मोकळा कर’ का नको? ‘मनःशांती’ शब्दात तो श्वास येत नाही.

—

छान लिहिलंत. एक भर घालतो. वाड्याची ‘सदर’ याच सद्रातून आली. छाती म्हणजे पुढचा भाग, त्यावरून पुढची, मानाची जागा, आणि मग धनी कारभार बघतो ती सदर. अर्जातलं ‘सदर इसम’ही त्याच कुळातलं.

कमी लेखलं गेल्यावर आणखी एक वचन म्हणतात: हस्बुनल्लाहु व निअमल वकील (सूरत 3, आयत 173). अल्लाह आम्हाला पुरेसा आहे, तो किती उत्तम वकील! इथे काळा कोट डोळ्यांसमोर आणू नये. ज्याच्यावर आपलं काम निर्धास्त सोपवावं, तो वकील. पेशवाईत परदरबारी धाडलेल्या माणसाला वकील म्हणत. तो अर्थ जास्त जवळचा.

—

दोघांचे आभार. मैत्रिणीला दोन्ही उत्तरं वाचून दाखवली. दुआ तीच, मूसांची. ‘ऊर मोकळा कर’ तिने दोनदा म्हणून पाहिलं आणि लगेच मान्य केलं. पण तिला स्वतःला तिसरी ओळ जास्त लागते म्हणाली, जिभेच्या गाठीची. लहानपणापासून कुणी आवाज चढवला की ती अडखळते. ही निरगाठ समजायची की सुरगाठ, असं मी विचारलं. क्षणभर थांबून म्हणाली, “आत जाताना निरगाठ असते. दुआ म्हटली की सुरगाठ होते.”