"आमचं घर" का "आपलं घर"? घरातच अडलेला शब्द

माही माय सिरोंच्याकडची, तिची भाषा तेलुगू. बाबा वडश्याकडचे, झाडीबोलीवाले, म्हंजे पूर्व विदर्भातली मराठी बोलनारे. वहिनी बालाघाटची, तिच्या माहेरी हिंदी. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याले वहिनी मायले म्हने, "आई, आज आमच्या घरी पुरन टाकायचं का?" मायचं तोंडच उतरलं. दोन दिवस धड बोलली नाही, मंग मले म्हने, पोरगी इतक्यातच घर वेगळं कराले लागली का रे? वहिनीले कळंना आपलं चुकलं काय, ती रडाले लागली.

मंग ध्यानात आलं. तेलुगूत "मा इल्लु" म्हंजे आमचं घर, तुमी त्याच्यात नाही. "मन इल्लु" म्हंजे तुमी-आमी सगळ्यायचं. (हे "मन" आन आपलं मराठी मन येगळं बरं का, लहानपनी मी लय दिवस एकच समजत होतो.) मराठीतबी तसंच, आमचं आन आपलं. पन हिंदीत दोन्हीले "हमारा" एकच, तं वहिनीनं सरळ "आमच्या" केलं. आता मायच तिले शिकवते. म्हंजे तेलुगू सासू हिंदी सुनेले मराठी शिकवते, मले तं हे लय भारी वाटते. तुमच्याकडं असं होते का?

---

दादा, मस्त विषय काढला. "आपण" हा शब्द संस्कृत आत्मन्, मंग प्राकृत अप्पण असा आला. म्हंजे शब्द संस्कृतचा, पन ऐकनाऱ्याले धरून आन सोडून असा फरक कराची सवय द्राविडी भाषांच्या शेजारानं आली असं बरेच अभ्यासक मानतात. गुजरातीतबी अमे आन आपणे हाय. हिंदीतलं "अपना" येगळं, "मैं अपने घर गया" म्हंजे सोताच्या घरी. पन नागपूरच्या हिंदीत "अपन चलते" म्हनतात ना, ते तुमी-आमी दोघं धरूनच. आमच्या मराठीची सावली असन ते, असं माहं मत.

---

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याकडचा. इकडं पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितायची गावं हाय. बंगालीत "आमरा" एकच, आपलं-आमचं असा भेद नाही. माहा दोस्त इथंच जन्मला, मराठी शाळेत माह्या बाकावर बसला, भजनातबी सोबत. तो ग्रामसभेत उभा राहून म्हने, "आमच्या गावाले पानी पायजे", तं मांगून एक जन बोललाच, "तुमचं गाव कोनतं बाप्पा?" लय लागलं त्याले. त्यानं "आमरा" मनात धरून सगळ्या गावासाठी पानी मांगतलं होतं, आन ऐकनाऱ्यानं त्यालेच गावाबाहेर काढलं.

---

हे वाचून मायले दाखवलं दादा. ती म्हने, त्या पोराले सांग, "आपल्या गावाले" म्हन. मंग थोडं थांबून म्हने, आन त्या मांगून बोलनाऱ्यालेबी सांग.