दुखरं अंग घेऊन युरोपात एकट्याने: तुमचेही अनुभव लिहा

मावशी_यादोगोपाळ
काल मोती चौकात काठीचं खालचं रबर बदलायला गेले होते. दुकानदाराने जुनं रबर ओढून काढलं, उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "मावशी, हे आपल्याकडचं दिसत नाही." खरंच नव्हतं. व्हिएन्नात कंबरपट्टे-कुबड्या विकणारं एक दुकान आहे, तिथलं. सातारहून नेलेलं रबर प्रागच्या दगडांनी चार दिवसांत खाल्लं होतं.

ते जुनं रबर मी टाकलं नाही, पिशवीत घालून घरी आणलं. रात्री झोप लागेना म्हणून हे लिहितेय.

मला एएस आहे, अँकिलोझिंग स्पॉण्डिलायटिस, म्हणजे पाठीचा कणा आखडवणारा संधिवात. एकतिसाव्या वर्षापासून. डावा खुबा बदललाय. मान वळत नाही, मागून कोणी हाक मारली की आख्खं अंग वळवावं लागतं. शाळेत पोरं मला 'टॉवर' म्हणायची, त्यांना वाटायचं बाईंना माहीत नाही. या दुखण्याची गंमत अशी की बसून राहिलं की आखडतं, चाललं की सुटतं आणि जास्त चाललं की संपलंच.

मे २०२४ मध्ये १९ दिवस एकटीने गेले. प्राग, व्हिएन्ना, पॅरिस. रिटायर झाले आणि वाटलं, आता नाही तर मग खुर्चीतून टीव्हीवरच.

भाच्याने तिकीट काढताना मला न विचारता व्हीलचेअर मागवून ठेवली होती. मी चिडले. चालता येतं मला! मुंबईला विमानतळावर नाइलाजाने बसले आणि नेमक्या त्याच रांगेत आमच्या पेठेतल्या बाई, मुलाकडे दुबईला निघालेल्या. "अगंबाई! काय झालं? परवा तर मंडईत उभी होतीस!" जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. आयुष्यभर मी पायऱ्यांना भ्यायले नाही, या "काय झालं"ला भ्यायले.

प्रागला उतरले तर विमान लांब उभं केलेलं, खाली शिडी. ढकलणारा मुलगा खालीच थांबलेला. तेव्हा कळलं की व्हीलचेअर मागताना तीन प्रकार असतात. तिकिटावरच्या कोडचं शेवटचं अक्षर आर असेल तर याला पायऱ्या जमतात, फक्त लांब चालवत नाही. एस म्हणजे पायऱ्याही जमत नाहीत. सी म्हणजे पार सीटपर्यंत न्यायचं. भाच्याने आर टाकलेलं. एकेक पायरी आडवी उतरले, मागे दोनशे माणसं. परतीला एस करून घेतलं. ४८ तास आधी कळवायचं, युरोपातल्या विमानतळांवर पैसे लागत नाहीत, तसा त्यांचा कायदाच आहे.

प्राग सुंदर आहे पण काठीवाल्यांचं नाही. व्हिएन्नात जीव रमला. तिथे भुयारी रेल्वेच्या प्रत्येक स्टेशनाला लिफ्ट. ट्रामच्या फलकावर ज्या गाडीपुढे व्हीलचेअरचं चित्र असेल ती खालच्या पायरीची, तीच धरायची. ठरवलं होतं, दिवसाला एकच गोष्ट. एक अख्खा दिवस कुन्स्टहिस्टोरिशेस नावाच्या संग्रहालयात काढला. तिथे दालनांमध्ये चक्क सोफे आहेत. ब्रॉयगल या चित्रकाराचं १५६३ चं, बायबलमधल्या बाबेलच्या मनोऱ्याचं चित्र आहे, त्याच्याजवळ बसून राहिले. वाकडा, अर्धवट, तरी उभा असलेला टॉवर. पोरांची आठवण आली आणि एकटीच हसत बसले.

कोणी असं दुखणं घेऊन गेलंय का? लिहा. उगाच धीर देऊ नका, तो घरी भरपूर आहे.

भडंग_आणि_चहा
मावशी दंडवत 🙏 खायला काय नेलं होतं ते सांगा आधी

मावशी_यादोगोपाळ
तुमचं भडंगच, सांगलीचं. आणि मेतकूट.

सदाशिवगडकर
सातारकर असून कंदी पेढे नाही नेले?? नाव काढून टाका यादीतून

मावशी_यादोगोपाळ
अरे नेता येत नाहीत! युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात न्यायला बंदी आहे. भडंग चालतं, पेढा नाही.

सदाशिवगडकर
मग तो युरोप काय कामाचा

कृष्णाकाठचा
सांगली. डाव्या पायाला लहानपणीचा पोलिओ, कॅलिपर (पायाला आधार देणारा साचा) आहे. २०२३ ला कामासाठी पॅरिसला गेलो, पुढे आठ दिवस रजा टाकून एकटा राहिलो.
पॅरिस मेट्रोचं कौतुक ऐकून गेलेलो. १९०० साली सुरू झालेली, तेव्हा लिफ्टचा विचार कोण करतंय. १४ नंबरच्या लाइनीला सगळीकडे लिफ्ट, बाकी बहुतेक ठिकाणी जिनेच जिने. पहिल्याच दिवशी एका स्टेशनात गाडी बदलायला चढ, उतार, बोगदा, परत चढ. हॉटेलवर येऊन कॅलिपर काढला तर मांडी सोलून निघालेली.
दुसऱ्या दिवसापासून बस. बसला रॅम्प निघतो, खिडकीतून गाव दिसतं आणि ड्रायव्हरला "बाँझूर" म्हटलं की आपण बसेपर्यंत तो गाडी हलवत नाही. हे आपल्या एसटीत करून बघा 😄
लूव्र संग्रहालयात माझं यूडीआयडी कार्ड (आपलं सरकारी अपंगत्व ओळखपत्र) दाखवलं, तिकीट घेतलं नाही. अपंगांना आणि सोबत्याला मोफत आहे. आत व्हीलचेअर, काठी, घडीची खुर्ची पण देतात, ओळखपत्र ठेवून. मला खुर्ची घ्यायची लाज वाटली. मावशी तुमचं ते "काय झालं" वाचलं आणि कळलं का वाटली. आपल्या गावचं कोणी नव्हतं तिथं, तरी वाटली.

अर्धी_गोळी
मी २७. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखणं. बाहेरून काहीच दिसत नाही हाच माझा प्रॉब्लेम.
झुरिकच्या विमानतळावर व्हीलचेअरमधून उठून बाथरूमला गेले. मागे एक मराठी ग्रुप टूर. काकू मोठ्याने, "चालतीये की चांगली! हल्ली रांग चुकवायला घेतात." मला मराठी येत असेल हे त्यांच्या डोक्यातच नाही. मी परत येऊन बसले आणि म्हणाले "काकू, तुमची पर्स उघडी आहे." 😌

भडंग_आणि_चहा
😂😂😂 ऐतिहासिक

वारणेचं_पाणी
@अर्धी_गोळी हिरवी सूर्यफुलाची फीत बघ. गळ्यात घालायची. न दिसणाऱ्या दुखण्यासाठीच आहे, २०१६ ला लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली, आता बऱ्याच विमानतळांवर ओळखतात. बहीण वापरते. फरक पडतो. सगळीकडे नाही पडत.

अर्धी_गोळी
थँक्यू गं. बघते. दळण आणायला निघालेय, आल्यावर सविस्तर लिहिते (लिहिणार नाही बहुतेक)

निवृत्त_विश्रामबाग
सर्वांचे अनुभव वाचले. वडीलकीच्या नात्याने सांगतो, अशा प्रकृतीत एकट्याने परदेशी जाणे हे धाडस नसून अविचार आहे. नामांकित ग्रुप टूर घ्यावी, सर्व काळजी घेतात.

मावशी_यादोगोपाळ
काका, घेतली होती. २०१६ ला, दुसऱ्या देशात. दहा मिनिटांत फोटो काढून बसमध्ये या. मी स्वच्छतागृहातून येईपर्यंत सगळे टाळ्या वाजवत वाट बघायचे. पाचव्या दिवसापासून मी बसमधून उतरलेच नाही. एकटीने गेले तर माझा वेग माझा. बाकावर चाळीस मिनिटं बसले तर कोणी घड्याळ बघत नाही.

निवृत्त_विश्रामबाग
टाळ्या वाजवणे योग्य नव्हे. हे मान्य.

मिरज_जंक्शन
आमवात, १४ वर्षं. दर पंधरा दिवसांनी अ‍ॅडालिम्युमॅबचं इंजेक्शन. २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, गोठवायचं नाही. यावर कोणी बोलत नाही म्हणून लिहितेय.
१. चेक-इन सामानात कधीच नाही. केबिनमध्ये, थंड पाऊचमध्ये, मूळ खोक्यासकट.
२. डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत, औषधाचं मूळ नाव लिहून. कंपनीचं नाव तिकडे वेगळं असतं.
३. हॉटेलचा बारका फ्रिज हा विश्वासघातकी प्राणी आहे. मागच्या भिंतीला टेकलं की बर्फ. साल्झबर्गला माझं एक इंजेक्शन असंच गेलं. किंमत आठवली की अजून बोटांपेक्षा जास्त दुखतं.
आता छोटं थर्मामीटर घेऊन फिरते. सुरक्षा तपासणीत सगळं उघडून दाखवलं, तो बाबा म्हणाला माझ्या आईला पण हेच. मग दोन मिनिटं त्याच्या आईच्याच बोटांवर गप्पा, मागची रांग तापलेली.

इस्लामपूरची_सून
मिरज ताई इन्सुलिनला पण हेच पाऊच चालेल का? सासऱ्यांसाठी. ते युरोपला नाही पंढरपूरला निघालेत

मिरज_जंक्शन
चालतं गं. पाण्यात भिजवून वापरायचे असतात तेही मिळतात, बर्फ लागत नाही. पण डॉक्टरांना दाखव एकदा.

कोरेगाव_लोकल
इन्शुरन्स!!! शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) ३० हजार युरोचा लागतोच, पण तो घेतला म्हणजे झालं असं समजू नका. जुन्या आजाराला बहुतेक पॉलिसी हात वर करतात. माझा सायटिका ब्रातिस्लाव्यात पेटला, तपासणी, इंजेक्शन, सगळं स्वतःच्या खिशातून. बारीक अक्षरं वाचा. मला चष्मा असून वाचली नव्हती.

मावशी_यादोगोपाळ
हो, आणि गोळ्या पुरून उरतील इतक्या न्या. आपल्यासारखं कोपऱ्यावर जाऊन "दादा एक पत्ता द्या" होत नाही. ऑस्ट्रियात औषधं औषधाच्याच दुकानात आणि रविवारी बहुतेक दुकानं बंद. दारावर चिठ्ठी असते, आज कुठलं उघडं आहे त्याची. मी ती चिठ्ठी शोधत एका रविवारी काठीने एक मैल तुडवला.

धोम_धरण
खरं दुखणं व्हिएन्नात नाही हो. खंबाटकी ते पुणे, तिथून मुंबई विमानतळ. तिथेच कंबरेचे तीन तुकडे होतात, युरोप नंतर. कसं गेलात?

मावशी_यादोगोपाळ
आदल्या दिवशी गेले, पुण्याला बहिणीकडे मुक्काम. दर तासाला गाडी थांबवून दहा पावलं. ड्रायव्हरला वाटलं मला मधुमेह आहे.

कृष्णाकाठचा
मावशी, प्रागचा चार्ल्स पूल चाललात का? बघायचाय.

मावशी_यादोगोपाळ
चालले. ५१६ मीटर. तुमचा आयर्विन पूल डोळ्यासमोर आणून चालले, पहाटे साडेपाचला, माणसं नसताना. मला सकाळीच सगळ्यात जास्त आखडलेलं असतं. पुलाच्या पहिल्या टोकाला म्हातारी होते, दुसऱ्या टोकाला बरी झाले होते. येताना ट्राम.

आई_आणि_मी_कराड
आई (७१) गुडघ्यांमुळे सज्जनगडला नाही म्हणते, मागच्या वर्षी तिघांनी खुर्चीतून वर नेलं तर रडली. दर्शनामुळे नाही, उचलून नेलं म्हणून. तिला व्हेनिस बघायचंय. वेडेपणा आहे का?

वारणेचं_पाणी
नाही वेडेपणा. चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या, हे खरं. पण मोठ्या कालव्यातून जी पाण्यावरची बस जाते तिच्यात थेट चढता येतं. बहिणीने दोन दिवस फक्त ती बस केली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत उलटी. एकही पूल चढली नाही. हॉटेल मात्र थांब्याला लागूनच आणि मध्ये पूल नाही ना हे फोन करून विचारून घ्या. लिफ्ट "आहे" म्हणतात, लिफ्टपर्यंत चार पायऱ्या असतात.

आई_आणि_मी_कराड
हे आईला वाचून दाखवलं. म्हणाली नावेत उलटी झाली तर.

कोरेगाव_लोकल
रेल्वेचं राहिलं. स्टेशनवर चढउतारला मदत हवी तर २४ तास आधी कळवायचं, मोठ्या स्टेशनांवर येतात माणसं. माझ्या वेळी एकदा आलीच नाहीत. समोरच्या डब्यातल्या एका आजीने बॅग उचलली. वय ऐंशीच्या पुढे. मी बेचाळीस. त्या पायऱ्या मी विसरणार नाही

अर्धी_गोळी
दळण आणलं. वीज गेली होती, गिरणीत तासभर उभी. पाठ गेली. गुड नाइट.

मावशी_यादोगोपाळ
गरम पिशवी घे गं. झोप.

भडंग_आणि_चहा
मावशी रबराचं काय झालं शेवटी? मिळालं का?

मावशी_यादोगोपाळ
नाही ना. त्याच्याकडचं सैल होतंय. आतल्या बाजूला १९ आकडा आहे, तो म्हणतो मंगळवारी पुण्याहून मागवतो.

सदाशिवगडकर
पोवई नाक्यावर विचारा, सर्जिकलच्या दुकानात. माझ्या आजोबांचं तिथलं आहे. दोन घ्या मावशी, एक जास्तीचं.