सुपरमार्केटच्या पार्किंगचं पत्र घरी आलं तेव्हा : इंग्लंड-स्कॉटलंडमधले अनुभव

रेडिंग (धागाकर्ती)

आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. शनिवारी तिला घेऊन आठवड्याचं वाणसामान आणायला गेले. आमच्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये दीड तास गाडी फुकट लावता येते. सामान घेऊन झालं, बिलाच्या रांगेत उभ्या होतो आणि आईला एकदम घेरी आली. फार्मसीतल्या मुलीनं खुर्ची आणून दिली, पाणी दिलं, रक्तदाब मोजला. आई सावरेपर्यंत तिथंच बसलो, मग बिल करून घरी आलो. घड्याळाकडे बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

नऊ दिवसांनी पत्र आलं. दोन काळपट फोटो, त्यात फक्त हेडलाइटचा उजेड आणि आमची नंबर प्लेट. आत १०:१४, बाहेर १२:०६. शंभर पौंड भरा, चौदा दिवसांत भरलेत तर साठ. आईनं मनातल्या मनात रुपये केले आणि गप्प झाली. रात्री म्हणाली, "माझ्यापायी तुम्हाला दहा हजारांचा फटका." ते वाक्य मला त्या पत्रापेक्षा जास्त लागलं. नवऱ्याचं म्हणणं होतं की साठ भरून मोकळं व्हावं. मला ते पटेना.

सोमवारी पत्र आणि बिलाची पावती घेऊन दुकानात गेले आणि ड्युटी मॅनेजरला भेटले. फार्मसीतली ती मुलगी त्या दिवशीही कामावर होती, तिनं ओळखलं. मॅनेजरनं पत्राची झेरॉक्स काढली, पावतीचा फोटो घेतला. तिसऱ्या दिवशी रद्द झाल्याचा ईमेल आला. आईला तो मराठीत वाचून दाखवला, तेव्हा कुठं ती नीट जेवली.

यातून मला एवढं कळलं की हे पत्र म्हणजे सरकारी दंड नव्हे. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेचा, असतो तो 'पेनल्टी चार्ज नोटीस', आणि खासगी कंपनीचं असतं ते 'पार्किंग चार्ज नोटीस'. दोन्हींची आद्याक्षरं तीच, पत्रांचा तोंडवळाही सारखाच, म्हणून माणूस घाबरतो. खासगी कंपनी खरं तर म्हणत असते, "पाटीवरच्या अटी मोडल्यात, त्याचे पैसे द्या." घाबरून लगेच पैसे भरू नका, आणि पत्र ड्रॉवरमध्ये टाकून विसरूही नका. तुमच्याकडे काय घडलं ते लिहा. हरलेले अनुभवही हवेत.

लेस्टर

आमच्याकडे कॅमेऱ्यानं दोन फेऱ्यांची एक फेरी केली. सकाळी साडेनऊला दूध-भाजी घेऊन वीस मिनिटांत बाहेर पडलो. संध्याकाळी पाहुणे येणार म्हणून परत गेलो, दहा मिनिटांत आलो. पत्रात मात्र सलग साडेसात तास! सकाळी बाहेर पडताना आणि संध्याकाळी आत येताना कॅमेऱ्यानं प्लेट टिपलीच नव्हती. बहुतेक मागेपुढे मोठी व्हॅन असणार.

कंपनीकडे अपील केलं, ठरावीक साच्यातलं उत्तर आलं : नामंजूर. पण त्याच पत्रात पॉपलाचा कोड होता. ब्रिटिश पार्किंग असोसिएशनच्या सभासद कंपन्यांसाठी पॉपला ही वेगळी अपील संस्था आहे, तिथं आपल्याला फी पडत नाही. नकार आल्यापासून २८ दिवसांत जावं लागतं. तिकडे गेलं की साठ पौंडांची सवलत संपते, हे मात्र ध्यानात ठेवा. मी तीन कागद जोडले : बँकेच्या अ‍ॅपमधल्या दोन वेगवेगळ्या खरेदींच्या नोंदी, ऑफिसच्या गेटवर कार्ड टेकवल्याच्या वेळा, आणि मॅनेजरचं दोन ओळींचं पत्र की हा माणूस दुपारी माझ्यासमोर मीटिंगमध्ये होता. अपील मान्य झालं. सगळ्याला दोन महिने लागले.

कंपनी जर इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटीची सभासद असेल तर पॉपला नाही, त्यांची आयएएस ही वेगळी अपील व्यवस्था आहे. आधी पत्राच्या तळाशी कुणाचं चिन्ह आहे ते पाहा.

हॅरो

मी हरलो, आणि चूक माझी होती. पाडव्याला चार मित्र जेवायला भेटलो. गाडी शेजारच्या सुपरमार्केटमध्ये लावली, तिथून एक पाण्याची बाटली घेतली आणि दोन तासांच्या जागी पावणेतीन तास झाले. एका मित्रानं छातीठोकपणे सांगितलं, "खासगी आहे रे, कोर्टात टिकत नाही, फाडून टाक." मी फाडलं नाही, पण उत्तरही दिलं नाही. मग वसुलीवाल्यांची पत्रं सुरू झाली आणि रक्कम १७० वर गेली.

तेव्हा बसून वाचलं. मित्राचं म्हणणं जुनं होतं. चेम्सफर्डच्या रिव्हरसाइड रिटेल पार्कमध्ये बॅरी बीव्हिस नावाच्या गृहस्थांनी दोन तासांच्या फुकट पार्किंगमध्ये सुमारे ५६ मिनिटं जास्त गाडी ठेवली होती. ८५ पौंड मागितले, ते थेट सुप्रीम कोर्टापर्यंत लढले. नोव्हेंबर २०१५ मध्ये निकाल लागला तो पार्किंगआय कंपनीच्या बाजूनं. कोर्टाचं म्हणणं असं की जागा गिऱ्हाइकांसाठी मोकळी होत राहणं यात जागामालकाचं खरंखुरं हित आहे, पाट्या मोठ्या आणि स्पष्ट आहेत, आणि रक्कम त्या मानानं अवाजवी नाही. मी तो निकाल वाचला आणि मला तो पटला. माझ्या गाडीमुळे कुणीतरी म्हातारं माणूस पावसात दोन चकरा मारत राहिलं असेल. कंपनीला लिहून वरचे ७० वगळून मागितले, त्यांनी मान्य केलं, शंभर भरले. पहिल्याच आठवड्यात उघडून वाचलं असतं तर साठात भागलं असतं.

मिल्टन कीन्स

माझा अनुभव लांब आहे, पण तो सविस्तर लिहायलाच हवा. आपल्यातले बरेच जण कंत्राट बदललं की घर बदलतात.

आम्ही क्रॉलीहून इकडे आलो. बँक, डॉक्टर, कौन्सिल, ड्रायव्हिंग लायसन्स, सगळीकडे पत्ता बदलला. गाडीच्या लॉगबुकवरचा, म्हणजे नोंदणीच्या कागदावरचा, राहिला. लायसन्सचा पत्ता बदलला की लॉगबुकचा आपोआप बदलतो असं मी धरून चाललो होतो. तसं नाही. दोन्ही डीव्हीएलएकडेच (लायसन्स आणि गाड्यांची नोंदणी बघणारं सरकारी खातं) असतात, पण नोंदी वेगळ्या. पार्किंग कंपनी डीव्हीएलएकडून जो पत्ता विकत घेते तो लॉगबुकवरचा.

त्यामुळे सगळी पत्रं जुन्या घरी जात राहिली. पहिली नोटीस, आठवणीचं पत्र, वसुलीची पत्रं, दाव्याआधीची नोटीस आणि शेवटी कोर्टाचा क्लेम फॉर्म. नव्या भाडेकरूंनी बिचाऱ्यांनी ती दाराशी एका पिशवीत जमवून ठेवली होती. क्लेमला उत्तर नाही म्हणून माझ्याविरुद्ध निकाल लागला. मला पत्ताच नाही.

कळलं केव्हा, तर घराच्या कर्जाचा अर्ज केला तेव्हा. ब्रोकरचा फोन आला, "तुमच्या नावावर एक सीसीजे दिसतोय." सीसीजे म्हणजे काउंटी कोर्टाचा निकाल. महिन्याभरात पूर्ण पैसे भरले तर तो नोंदीतून निघतो, नाहीतर सहा वर्षं राहतो. माझा महिना कधीच उलटला होता. बायको सहा महिन्यांची गरोदर, घर पाहून ठेवलेलं, आणि कारण काय, तर एका सुपरमार्केटमध्ये तेवीस मिनिटं जास्त!

निकाल रद्द करायचा अर्ज केला. फी त्या मूळ शंभर पौंडांच्या कितीतरी वर गेली. जोडीला नव्या घराचा भाडेकरार, कौन्सिल टॅक्सचं बिल आणि मुख्य म्हणजे कळल्या कळल्या चार दिवसांत अर्ज केल्याचा पुरावा. उशीर न करणं फार महत्त्वाचं, ते कोर्ट बघतं. फोनवर सुनावणी झाली. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "पत्ता बदलल्याचं कंपनीला कळायचा काही मार्ग होता का?" मी सांगितलं, कौन्सिलच्या मतदारयादीत मी नव्या पत्त्यावर आहे, बँकेकडे आहे. निकाल रद्द झाला. ते घर मात्र हातचं गेलं.

घर बदललंत तर आज रात्री लॉगबुक काढून बघा. ऑनलाइन फुकट बदलता येतं. शिवाय जुन्या पत्त्यावरची टपाल वळवून घ्या, रॉयल मेल ती सेवा पैसे घेऊन देतं. आणि क्लेम फॉर्म हातात पडला तर तो कधीही बाजूला ठेवू नका : पोहोचल्याचं धरल्यापासून १४ दिवसांत पोच द्यायची, मग बचाव मांडायला एकूण २८ दिवस मिळतात. वसुली कंपनीची पत्रं आणि कोर्टाचं पत्र यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वसुलीवाल्यांना निकालाशिवाय तुमच्या दाराशी येऊन काही उचलून नेता येत नाही.

ग्लासगो

स्कॉटलंडमध्ये एक मोठा फरक आहे. इंग्लंड-वेल्समध्ये २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्यानं, कंपनीनं त्यातल्या अटी पाळल्या तर, गाडी कोण चालवत होतं हे कळलं नाही तरी गाडीच्या नोंदणीकृत कीपरकडे, म्हणजे लॉगबुकवर ज्याचं नाव आहे त्याच्याकडे, पैसे मागता येतात. तो भाग इथं लागू नाही, इथं जबाबदारी चालवणाऱ्याची. म्हणून तिकडचे सल्ले इकडे आणि इकडचे तिकडे लावू नका. चालवणाऱ्यानं अटी मोडल्या असतील तर तो इथंही सुटत नाही, हेही तितकंच खरं.

बर्मिंगहॅम

मी एका सुपरमार्केटमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहे, काउंटरच्या पलीकडची बाजू सांगते. आमचं दुकान स्टेशनला लागून. कॅमेरे नव्हते तेव्हा सकाळी सात वाजता नोकरदारांच्या गाड्या लागायच्या त्या संध्याकाळी निघायच्या. बाळाला घेऊन आलेल्या बाईला जागा नसायची. कॅमेरे आल्यावर ते थांबलं.

पण माझ्यासमोर रोज माणसं पत्र घेऊन येतात आणि त्यातल्या निम्म्यांचे हात थरथरत असतात. आम्हाला रद्द करायची विनंती करता येते, आणि खरं गिऱ्हाईक असेल तर मी करतेच. दोन गोष्टी मात्र लागतात : खरेदीचा पुरावा, आणि वेळेत येणं. प्रकरण वसुलीला गेलं की आमच्या हातात फार उरत नाही. पावती हरवली असेल तर कार्डावरची नोंद किंवा लॉयल्टी कार्ड चालतं. पार्किंग कंपनीला फोन करून अर्धा तास ताटकळण्यापेक्षा आधी दुकानात या. गर्दी नसताना या, मंगळवार-बुधवार दुपारी.

स्विंडन

सासऱ्यांना पार्किन्सन्स आहे, त्यांच्याकडे ब्लू बॅज (अपंगांना पार्किंगच्या सवलतीसाठी मिळणारा) आहे. ब्लू बॅजची सवलत रस्त्यावरची, खासगी जागेत ती आपोआप लागू होत नाही. पण २०१० च्या समानता कायद्याप्रमाणे अपंग व्यक्तीसाठी वाजवी ती सोय करून द्यावी लागते, आणि जास्त वेळ ही त्यातलीच सोय. त्यांना गाडीतून उतरून ट्रॉली धरून दारापर्यंत जायलाच दहा मिनिटं लागतात. एवढंच लिहिलं, डॉक्टरांचं पत्र जोडलं, रद्द झालं. आता दुकानाच्या काउंटरवर आधीच नंबर नोंदवून ठेवलाय.

ब्रिस्टल

आमच्याकडे आत स्क्रीनवर गाडीचा नंबर टाकला की फुकट वेळ मिळतो. मी सवयीनं नवऱ्याच्या गाडीचा टाकला, चालवत होते माझी. पत्र आलं. एखादं अक्षर चुकलं, शून्याच्या जागी ओ पडला, तर ते रद्द व्हायला हवं असा पार्किंग कंपन्यांच्याच संहितेतला नियम आहे. पूर्ण दुसरीच गाडी टाकली तर मोठी चूक धरतात, पण तरी शंभर नाही, वीस पौंड. मी दोन्ही लॉगबुकांचे फोटो पाठवले, वीस भरले.

कोव्हेन्ट्री

ताई, आजच पत्र आलंय म्हणून विचारते. गाडी लावली २ तारखेला, पत्रावर २१ तारीख. गाडी माझ्या नावावर आहे, आमच्या घरात तिघं चालवतात. काचेवर काही चिकटवलेलं नव्हतं. काय करू?

रेडिंग

बोटांवर मोज. इंग्लंडमध्ये काचेवर नोटीस नसेल आणि कीपरकडे पैसे मागायचे असतील, तर गाडी लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून चौदा दिवसांत पत्र पोहोचायला हवं. ३ पासून मोजलंस तर १६ तारखेला चौदा संपतात. तुझ्या पत्रावर लिहायलाच २१ उजाडली. पण आधी खात्री कर की हे पहिलंच पत्र आहे, आठवणीचं नाही.

अपील कर, आणि 'गाडीची नोंदणीकृत कीपर म्हणून लिहीत आहे' असं लिही. कोण चालवत होतं ते सांगायची सक्ती नाही, आणि खोटं तर काहीच लिहू नकोस. तारखा मांड, चौदा दिवसांची मुदत टळली आहे म्हण, आणि त्या २०१२ च्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाचा उल्लेख कर. अपिलासाठी नोटिशीच्या तारखेपासून २८ दिवस आहेत, पण वाट बघू नकोस. पाकीट जपून ठेवलंयस ना? त्यावर टपालाची तारीख असेल तर तिचा फोटो काढ.

कोव्हेन्ट्री

पाकीट रिसायकलिंगच्या डब्यात गेलं होतं, आत्ता खाली जाऊन काढून आणलं. कोपरा ओला झालाय पण तारीख वाचता येते, २२. मुलं झोपली की पत्र लिहायला बसते.