स्की रिसॉर्टवर बर्फ तयार करायचं काम: कोल्हापूरच्या पोराला जमेल का? एजंट साडेचार लाख मागतोय

शिरोली_मेंटेनन्स
नमस्कार मंडळी. वय २६, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत चार वर्षं मेंटेनन्सला आहे, कॉम्प्रेसर, पंप, हायड्रॉलिक सगळं हातातलं काम आहे. महिन्याभरापूर्वी एका एजंटची जाहिरात बघितली, न्यूझीलंडमधल्या स्की रिसॉर्टवर स्नोमेकिंग क्रू पाहिजे म्हणून. फोन केला तर म्हणतोय साडेचार लाख लागतील, आधी व्हिजिटर व्हिसावर जायचं आणि तिकडं गेल्यावर वर्क व्हिसात बदलून देतो. आबा म्हणतात दोन एकर ऊस आहे, कर्ज काढू, पण मला तेच नको वाटतंय.
एजंटचं राहू दे बाजूला, मला आधी कामच कळंना झालंय. बर्फ पडतोय म्हणून लोक तिथं जातात, मग बर्फ तयार कशाला करायचा आणि कसा करतात? स्की यायला लागतंय का? आमच्यात डिसेंबरला १३-१४ अंश झालं की आम्ही शेकोटी पेटवतो, उणे वीसमध्ये माणूस काम कसं करतोय? कुणी केलं असेल तर खरं काय ते सांगा, मी मनापासून विचारतोय.

पेठेतली_पोरगी
मी केलंय, दोन हिवाळे. मूळ शिवाजी पेठेतली, बाबांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं त्यामुळं पंप लहानपणापासून बघितलेत. कॅनडात कॅलगरीला कॉलेज केलं, नंतर ओपन वर्क परमिटवर, म्हणजे कुठल्याही मालकाकडं काम करता येतं त्या परवान्यावर, तिथल्याच रॉकीज डोंगरातल्या एका रिसॉर्टला स्नोमेकर म्हणून लागले. सविस्तर लिहिते कारण तू नीट विचारलंयस.

पहिली गोष्ट, हे काम म्हणजे डोंगरावरची लिफ्ट इरिगेशन आहे. खरंच. खाली तळं किंवा साठवण, त्याच्यावर पंपहाऊस म्हणजे आपलं जॅकवेल धर, तिथनं डोंगराच्या अंगानं जमिनीत गाडलेली पाइपलाइन वर जाते आणि उताराच्या कडेनं ठराविक अंतरावर हायड्रंट, म्हणजे होज जोडायचे नळ असतात. फरक प्रेशरचा. दहा मीटर चढाला साधारण एक बार जातो, म्हणजे चारशे मीटर वर पाणी नुसतं पोचवायलाच चाळीस बार झाले, आणि गनच्या तोंडाशी वर परत प्रेशर उरायला पाहिजे. त्यामुळं तिथं वॉल एकदम उघडणारा माणूस कुणालाच नको असतो. आपल्याकडं घाईनं वॉल फिरवला की पाइप हादरतो, जॉइंट सुटतो, शेतात चिखल होतो, एवढ्यावर भागतं. तिथं तो होज माणसाला उडवतो.

गन दोन तऱ्हेच्या. एक मोठ्या पंख्याची, जेटच्या इंजिनासारखी दिसते, तिच्या तोंडाला गोल कड्यात बारीक बारीक नोझल असतात. दुसरी लान्स, उंच खांबाच्या टोकाला नोझल. पाण्याचा फवारा आणि त्यात कॉम्प्रेस्ड हवा, हवा सुटताना फुगते, गार होते, त्यातनं बारीक बर्फाचे कण तयार होतात आणि बाकीचे थेंब त्यांच्यावर गोठत खाली येतात. पॉलीहाऊसमधला फॉगर बघितलायस ना, त्याच कुळातली वस्तू. आणि फॉगरसारखंच, नोझल चोंदलं की खेळ खलास.

आता बर्फ तयार का करायचा. रिसॉर्टला नोव्हेंबरात उघडायचं असतं, आभाळ त्यांचं ऐकत नाही. आमच्या बाजूला चिनूक म्हणून कोरडं गरम वारं येतं, काही तासांत उणे पंधराचं अधिक पाच होतं, पडलेला बर्फ खाऊन जातं. १९८८च्या कॅलगरी ऑलिंपिकची स्की शर्यत कॅलगरीजवळच्या नाकिस्का रिसॉर्टला झाली, ती जागा निवडली तेव्हापासूनच तिथं कृत्रिम बर्फावर भिस्त होती. आणि २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकला तर जवळजवळ सगळा बर्फ मशीनचा होता.

रात्रीचं काम असतं हे सांगायला पाहिजे. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, कारण गारवा रात्री. मला पहिल्या रात्री आपल्याकडची रात्रीची लाईट आठवली, बारा वाजता थ्री फेज येणार म्हणून मामा बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जायचा, तसंच डोक्याला बॅटरी लावून मी डोंगरावर. स्नोमोबाइलवरनं किंवा चालत, प्रत्येक गनचा राउंड घ्यायचा. गनच्या फवाऱ्याखाली जाऊन हात पुढं धरायचा आणि जॅकेटच्या बाहीवर काय पडतंय बघायचं. कण बाहीवर पडून उडाले तर बर्फ कोरडा, पाणी वाढवता येतं. चिकटून पचपचीत झाले तर ओला, पाणी कमी कर. कंट्रोल रूममध्ये स्क्रीनवर सगळे आकडे असतात, तरी आमचा फोरमन बाही बघितल्याशिवाय गन सोडून पुढं जायचा नाही.

स्की येणं बरं, पण मला लागताना येत नव्हतं. पंप कळतोय हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटलं.

शिरोली_मेंटेनन्स
ताई लय भारी सांगितलंत. फौंड्रीत आमचा कॉम्प्रेसर ७ बारचा, ४० ऐकूनच अंगावर काटा आला. एक शंका, तापमान किती खाली गेलं की चालू करता? शून्याला?

पेठेतली_पोरगी
शून्य म्हणजे काहीच नाही रे, इथंच सगळे फसतात. बघायचं असतं ते वेट बल्ब. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं की तो जे दाखवतो ते. माठातलं पाणी गार का होतं? बाहेरून पाझरतं, सुकतं, सुकताना उष्णता घेऊन जातं. उन्हाळ्यात हवा कोरडी म्हणून माठ भारी चालतो, जुलैत आपल्याकडं कपडे चार दिवस वाळत नाहीत तेव्हा माठ काही कामाचा नाही. गनमधनं उडालेल्या थेंबाचं तसंच. हवा शून्य अंश आणि आर्द्रता ३० टक्के असली तर वेट बल्ब उणे चारच्या आसपास जातो, मस्त बर्फ होतो. तीच हवा शून्य आणि आर्द्रता ९० टक्के, तर वेट बल्ब उणे अर्ध्याच्या आसपास, म्हणजे नुसता पाऊस पाडशील उतारावर. साधारण उणे अडीच वेट बल्बला सुरू करतात, आणि जेवढा खाली जाईल तेवढं पाणी जास्त सोडता येतं. म्हणून रात्री तीन वाजता अर्धा अंश उतरला तरी रेडिओवर सगळे एकदम बोलायला लागतात.

पाण्याचा हिशोब पण सांगते, तुझ्या आबांना आवडेल. एक घनमीटर पाण्यातनं दोन ते अडीच घनमीटर बर्फ. एक हेक्टर उतारावर फूटभर थर द्यायचा म्हटलं तर बारा ते पंधरा लाख लिटर पाणी. ते पुढं उन्हाळ्यात वितळून बरंचसं ओढ्याला परत जातं, पण हिवाळ्यात ओढा बारीक असताना उपसायचं म्हणून तळी आधी भरून ठेवतात.

थंडीचं म्हणशील तर उणे वीस सोसतं, ओलं झालेलं सोसत नाही. गनखाली माणूस भिजतोच. सुती बनियन अजिबात नाही, आतनं लोकर, वरनं वॉटरप्रूफ, हातमोजे तीन जोड, दोन घालून राउंड आणि तिसरा छातीशी वाळत. एकदा मी कपलिंग सुटंना म्हणून मोजा काढला, उघड्या हातानं धातू धरला, मिनिटभर नसेल. दोन बोटांची टोकं पांढरी पडली, मेणासारखी. परत रंग आला पण अजून थंडीत ती बोटं आधी दुखतात. आणि गन बंद केली की पहिलं काम होज रिकामा करणं. पाणी थांबलं की काही मिनिटांत आत गोठतं, मग तीस मीटरचा होज म्हणजे तीस मीटरचा दांडका, खांद्यावर घेऊन खाली न्यायचा आणि शेडमध्ये वितळवायचा. पहिल्या आठवड्यात माझ्याकडनं दोन गोठले. कुणी ओरडलं नाही, पण ते उचलून न्यायला चौघं लागले आणि चौघांचाही राउंड चुकला, ते मला लागलं.

गडहिंग्लज_ते_दुबई
ताईंनी मुद्द्याचं सगळं सांगितलंय. मी दुबईत चिलर मेंटेनन्सला आहे अकरा वर्षं. भावा तुला थंडी आणि बर्फाचंच काम बघायचं असेल तर इनडोअर स्कीचा पण विचार कर. इथं मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये स्की दुबई २००५ पासून चालू आहे, सगळ्यात लांब उतार ४०० मीटरचा. दिवसा आत शून्याच्या थोडं खाली ठेवतात, रात्री लोक गेल्यावर आणखी खाली नेतात आणि मग गन चालवून नवा बर्फ पाडतात. बाहेर ४५ अंश आणि आत बर्फ, म्हणजे तो सगळा खेळ आमच्या रेफ्रिजरेशनवाल्यांचा. फौंड्रीत कॉम्प्रेसर केलायस तर रेफ्रिजरेशनचा एखादा कोर्स कर, त्याचा उपयोग दुबईत, पुण्यात, कोल्ड स्टोरेजला कुठंही होतो.

सह्याद्री_भटक्या
मी गुलमर्गला पर्यटन मंत्रालयाच्या स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेतनं बेसिक स्की कोर्स केलाय, तेवढ्यापुरतं बोलतो. तिथं नैसर्गिक बर्फावर सगळं अवलंबून आहे आणि २०२५ला बर्फच नाही म्हणून खेलो इंडिया विंटर गेम्सचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीतनं मार्चला ढकलावा लागला. औलीला २०११च्या साउथ एशियन विंटर गेम्ससाठी स्नो गन बसवल्या होत्या. आपल्या देशात हे काम जाणणारी माणसं फार थोडी आहेत, त्यामुळं शिकून परत आलास तर वाया जाणार नाही असं मला मनापासून वाटतं.
आणि डोंगरावर नुसते स्नोमेकर नसतात. गंडोला आणि चेअरलिफ्टचे, म्हणजे माणसं दोरीवरनं वर नेणाऱ्या लिफ्टचे मेकॅनिक असतात, रोप, पुली, ग्रिप बघणारे, तो धंदा बाराही महिने चालतो. माझ्या मते फिटरला तो जास्त टिकाऊ आहे.

पेठेतली_पोरगी
लिफ्ट मेकॅनिकबद्दल शंभर टक्के पटलं. स्नोमेकिंगचा सीझन तीन-साडेतीन महिन्यांत संपतो, पुढं ज्यांना ठेवायचं त्यांनाच ठेवतात. मला जानेवारीनंतर ग्रूमिंगला घेतलं, म्हणजे ते मोठे पट्ट्यांचे ट्रॅक्टर, पिस्टनबुली आणि प्रिनोथ ब्रँडचे, आम्ही पाडलेले बर्फाचे ढीग पसरून उतार गुळगुळीत करायचे. तीव्र उतारावर ग्रूमर विंचवर चालतो, वर एका अँकरला स्टीलची दोरी बांधून, ती दोरी हजार मीटरपर्यंत असू शकते. अंधारात दोरी बर्फावर पडलेली दिसत नाही आणि ताण आला की एकदम छातीएवढी वर उठते. त्या उतारावर रात्री कुणीही पाऊल टाकायचं नाही, कितीही घाई असली तरी. हे मी तुला शिकायच्या आधीच सांगून ठेवते.

पगाराचं विचारलं नाहीस तरी सांगते. कॅलगरी ज्या प्रांतात आहे त्या अल्बर्टात किमान वेतन तासाला १५ कॅनेडियन डॉलर, स्नोमेकिंगला मला त्याच्यावर थोडं मिळायचं, स्टाफच्या खोलीचं भाडं त्यातनं कापून. साडेचार लाखांचं कर्ज एका सीझनमध्ये फिटेल अशा हिशोबानं कुणी येऊ नये.

रंकाळा_काका
पोरा, मी एका कारखान्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालोय, माझा पुतण्या अशाच एका एजंटच्या नादी लागला होता. अडीच लाख दिले, सहा महिने फोन लावत बसला, शेवटी पासपोर्ट मिळवायला पण हातापाया पडावं लागलं. त्या दिवसांत माझी वहिनी नीट जेवली नाही. म्हणून कळकळीनं लिहितोय.
परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला सरकारचं रजिस्ट्रेशन लागतं, त्याचा नंबर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. आणि उमेदवाराकडून तो जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेऊ शकतो, पावती देऊन. साडेचार लाख कुठल्या नियमात बसतात? दुसरं, व्हिजिटर व्हिसावर तिथल्या मालकाकडं काम करता येत नाही. तिसरं, न्यूझीलंडमध्ये नोकरी देण्यासाठी कामगाराकडून पैसे घेणंच तिथं बेकायदा आहे, आणि तिथला मालक अ‍ॅक्रेडिटेड, म्हणजे तिथल्या सरकारनं मान्यता दिलेला असावा लागतो, त्यांच्या इमिग्रेशनच्या साइटवर नाव शोधता येतं. एजंटला रिसॉर्टचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर विचार. आबांना उसावर कर्ज काढू देऊ नको.

गडहिंग्लज_ते_दुबई
काकांच्या एकेका शब्दाला अनुमोदन. अजून एक मार्ग, ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा, ४६२ नंबरचा, २०२४ पासून भारतीयांना खुला झालाय. वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३०, लॉटरी असते, नाव नोंदवायची फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. बारावीनंतर दोन वर्षांचं शिक्षण आणि इंग्रजी लागतंय, तुझा डिप्लोमा त्यात कसा धरतात ते त्यांच्या साइटवरच वाच. तिकडं पेरिशर, थ्रेडबो, माउंट बुलर अशी रिसॉर्ट आहेत, सीझन जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. लॉटरी लागंल न लागंल, पण २५ डॉलरमध्ये घर गहाण पडत नाही.

शिरोली_मेंटेनन्स
काका, काल एजंटला रजिस्ट्रेशन नंबर विचारला. म्हणाला ऑफिसला या मग देतो. मी म्हटलं व्हॉट्सॲपला टाका, तेव्हापासून फोन उचलंना झालाय. आबांना सगळं वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले बरं झालं विचारलंस. लॉटरीचं बघतोय, मधल्या काळात रेफ्रिजरेशनचा संध्याकाळचा कोर्स लावणार आहे.

ताई, तुमचं वेट बल्ब डोक्यातनं जाईना म्हणून काल दोन थर्मामीटर घेऊन मळ्यात गेलो, रात्रीची लाईट होती, पाणी पाजायचंच होतं. एकाला मलमलीचं फडकं ओलं करून बांधलं आणि शेडच्या खांबाला दोन्ही टांगले. पहाटे साडेतीनला सुका १४, ओला १२. बरोबर बघितलं का मी?

पेठेतली_पोरगी
बरोबर. दोनचा फरक म्हणजे आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास, नदीकाठच्या पाणी पाजलेल्या उसात तेवढी असणारच. फक्त खांबाला टांगून ठेवू नको, वारं लागत नाही, मग ओला थर्मामीटर खरा आकडा दाखवत नाही. दोरी बांधून मिनिटभर गरगर फिरव आणि लगेच वाच. आज परत घे, आणि एकदा पाणी न पाजलेल्या माळावर पण घे, दोन्ही आकडे इथं टाक.