५० दिवसांचं कॉकटेल (कॉकॅटिल पोपट) पिल्लू: सिरिंजचं फीड कसं तोडायचं?

जुळे सोलापूर
पिल्लाला दिवसातून तीनदा ८-८ मिली फॉर्म्युला (पिल्लांना भरवायचं पातळ खाणं) सिरिंजने देतो. वजन ९२ ग्रॅमपर्यंत गेलं होतं, आज सकाळी ८५ भरलं. सिरिंज दिसली की मान फिरवतं आणि वाटीतले राळे फोडत बसतं. दुकानदार म्हणतो, दोन दिवस फीड बंद करा, आपोआप खायला लागेल. करू का?

होटगी रोड
अजिबात नको! उपाशी पिल्लू दाणे खायला शिकत नाही, नुसतं ओरडून गळून जातं. उडायच्या वयात ही पिल्लं स्वतःच वजनाने थोडी उतरतात. सगळ्यात जास्त भरलेल्या वजनापासून १० टक्क्यांपर्यंत घट चालते, म्हणजे तुमच्याकडे ८३. त्याखाली काटा गेला की तोडलेलं फीड परत सुरू करायचं. वजन रोज सकाळी, पहिल्या फीडआधी, क्रॉप (गळ्याखालची अन्न साठवायची पिशवी) रिकामा असताना घ्या.

आधी दुपारचं फीड तोडा. तीन-चार दिवस वजन टिकलं की सकाळचं. रात्रीचं सगळ्यात शेवटी. काही पिल्लं दहाव्या आठवड्यापर्यंत तेवढं एक मागतात, मागतील तोवर द्या.

आणि राळे फोडतंय म्हणजे पोटात जातंच असं नाही. वाटी बोटाने ढवळून बघा, नुसती टरफलं आहेत की चावून टाकलेले दाणे? संध्याकाळी क्रॉप हलक्या हाताने चाचपा. दाणे गेले असतील तर वाळूच्या पुरचुंडीसारखा लागतो. विष्ठा गडद हिरवी आणि अगदी थोडी असेल तर पोट रिकामं आहे.

अक्कलकोट रोड
मान फिरवतंय तर फॉर्म्युला गार नाही ना, तेही बघा. थर्मामीटर बुडवून ३९ ते ४१ अंश. गार गेला तर क्रॉपमध्ये साचून आंबतो, ४३ च्या वर गेला तर क्रॉप आतून भाजतो. मायक्रोवेव्ह नको, मध्येच चटक्याचे गोळे राहतात. वाटी गरम पाण्यात ठेवून हलवत राहा. सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूने, टोक उजवीकडे. नको म्हणत असताना दाबलंत तर श्वासनळीत जाईल. रात्रीचं फीड सकाळीही क्रॉपमध्ये तसंच असेल, आंबूस वास येत असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

खायला आधी मऊ द्या: मोडाचे मूग, उकडलेला मका, शेवग्याचा पाला, कोथिंबीर. थंडीत ज्वारीचा हुरडा मिळाला तर त्यासारखं काही नाही, कोवळा दाणा चोचीत सहज फुटतो. आपल्याकडच्या उन्हात ओलं खाणं दोन तासांत उचला.

विजापूर रोड
हे वाचून कुणी हिरव्या राघूचं पिल्लू वाढवायला घेणार असेल तर थांबा. देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. असं पिल्लू सापडलं तर वनविभागाला कळवा.

जुळे सोलापूर
आजपासून दुपारचं तोडतो. हुरडा आता नाही, भाकरी चालेल?

अक्कलकोट रोड
बिनमिठाची असेल तर चिमूटभर, पण तिच्यावर पोट भरू नका. त्यापेक्षा ज्वारी रात्रभर भिजवा, बोटाने चिरडेल इतकी उकडा, पाणी पूर्ण निथळून कोमट द्या. शेंगाचटणीचं बोटही लावू नका. पाण्याची वाटी उथळ ठेवा, दोन बोटांपेक्षा खोल नको.