अतिवृष्टीचं अनुदान सातबाऱ्याला की कसणाऱ्याला?

सीनाकाठ, परंडा:
सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज काढलं. कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, हंगामी बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००. वर रब्बीच्या बियाण्याला हेक्टरी १०,०००. तेही तीन हेक्टरपर्यंत. ठीक. पण पैसे पडतात सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात. मालक पुण्याला नोकरीत आणि रान बटईला, म्हणजे निम्म्या वाट्यानं दुसऱ्याला कसायला, असं आमच्या धाराशिव जिल्ह्यात गावोगाव आहे. खत-बियाणं निम्मं बटईदाराचं, राबणूक सगळी त्याची. सोयाबीन कुजलं तेव्हा मालक व्हिडिओ कॉलवर होते! मदत कसणाऱ्यालाच पाहिजे.

निवृत्त तलाठी:
भाऊ, कधी पंचनाम्याला फिरलात का? तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक एवढीच माणसं, रानात गुडघाभर चिखल, आणि नुकसान मदतीला लागणाऱ्या ३३ टक्क्यांच्या वर की खाली हे बांधावर उभं राहून ठरवायचं. त्यात बटईदार कोण हे कशावरून लिहू? सगळा तोंडी व्यवहार. मी एक नाव घातलं की दुसरा तहसीलला अर्ज घेऊन हजर. सातबारा निदान कागद तरी आहे.

पुणेकर मालक:
'व्हिडिओ कॉल' वाचून राग आला. गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज माझ्या नावावर आहे, ते बटईदार फेडणार का? आलेल्या अनुदानातले निम्मे मी त्याला दिले, कुणी सांगायची गरज पडली नाही.

सीनाकाठ:
साहेब, तुम्ही दिले. न देणाऱ्याला कोण विचारतं? आणि लेखी करार का करत नाही, तेही सांगा की.

पुणेकर मालक:
कूळ लागेल म्हणून, म्हणजे कसणारा उद्या जमिनीवरच हक्क सांगेल. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कुळकायदा आहे, आजोबांनी त्याची धास्ती बघितलीय. सरकारनं आधी ती भीती काढावी, मग लेखी मागावं.

कायद्याचा विद्यार्थी:
आंध्रनं २०१९ मध्ये तोच मार्ग काढला. अकरा महिन्यांचा करार, कसणाऱ्याला तो कसतो याचं कार्ड, मालकी हक्काला धक्का नाही.

निवृत्त तलाठी:
पण त्या करारावर सही मालकाचीच ना? तो देईना म्हटला तर कार्ड कुठलं?

मोटेवाडीचा:
तुम्ही अनुदानावरून भांडा. माझं रानच वाहून गेलं, खाली मुरूम उघडा पडला. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख आणि रोजगार हमीतून (रोहयो) ३ लाख. आता हिशेब करा: एका हेक्टरवर एक फूट माती म्हणजे हजाराहून जास्त ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). दोन्ही रकमा मिळून ब्रासला सव्वातीनशेच्या आसपास पडतात. त्या दरानं गाळ, भराई, वाहतूक सगळं कोण करून देतंय, पत्ता द्या. इथं मालक काय नि बटईदार काय!

सीनाकाठ:
दादा, तुमचं खरंय, ते वेगळं लढू. माझं मागणं साधं आहे. पिकाचे पैसे मालकाला गेले तर गेले, पण रब्बीचे १०,००० पेरणाऱ्याला द्या. पेरणार कोण हे ग्रामसभेत यादी वाचून ठरवा. गावाला माहीत नसतं का?

निवृत्त तलाठी:
गावाला सगळं माहीत असतं. पण मालकाची भावकी समोर बसलेली असताना बटईदार हात वर करील? पाडव्याला रान कुणाकडं मागायचंय त्याला?